रानड्यांच्या तीन पदव्या आणि खानदेशातील विद्यार्थी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली घेण्यात आली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्या महादेव गोविंद रानडे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने विसाव्या वर्षी, म्हणजे १८६२ मध्ये बी. ए., बाविसाव्या वर्षी एम. ए. आणि चोविसाव्या वर्षी एल्‌एल्. बी. अशा तीन पदव्या मिळविल्या. प्रवेश परीक्षेपासून कायद्याच्या पदवीपर्यंत अवघी सात वर्षे लागली. या सात वर्षांत ते केवळ विद्यार्थी नव्हते. ते महाविद्यालयात शिकवीत होते, वृत्तपत्रात लिहीत होते आणि १८६५ मध्ये तर ज्या विद्यापीठाच्या परीक्षा ते देत होते त्याच विद्यापीठाचे फेलो म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. महाराष्ट्रात पदव्यांचा प्रवास इतक्या वेगाने आणि इतक्या तेजाने केल्याचे याहून जुने उदाहरण सापडणे कठीण आहे.

या उदाहरणाची आज पुन्हा आठवण व्हावी असे कारण घडले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी व त्यानंतर एकाच वर्षाची पदव्युत्तर पदवी असा मार्ग खुला केला. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यास मुभा दिली. २०२४ च्या अखेरीस त्याच आयोगाने त्वरित पदवीची योजना मान्य केली. तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत, आणि चार वर्षांची पदवी आठाऐवजी सहा किंवा सात सत्रांत पुरी करण्याची सवलत तीत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. कोणत्या विद्यार्थ्याने घाई करावी, कोणी करू नये, आणि त्याला तसा सल्ला देण्याचा अधिकार कोणाला, याचा विचार करताना रानड्यांच्या चरित्राकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ते चरित्र घाईच्या बाजूने जितके बोलते तितकेच तिच्या विरुद्धही बोलते. शिवाय त्या चरित्रातील एक कठीण पर्व धुळ्यातच घडलेले आहे.

कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांचे वडील गोविंदराव हे तेथील मामलेदार कचेरीत हेडक्लार्क होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानाच्या नोकरीत गेले आणि मुलाचे प्राथमिक व इंग्रजी शिक्षण कोल्हापुरात झाले. अकराव्या वर्षी आई वारली. मुलगा लहानपणी मंद वाटावा इतका अबोल होता. पुढे हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत जाणाऱ्या या मुलाविषयी घरातील कोणी फार मोठी अपेक्षा धरल्याचे दिसत नाही. १८५६ मध्ये चौदाव्या वर्षी पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले.

त्या वेळी विद्यापीठ ही कल्पनाच या देशात नवी होती. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. ती स्वतः शिकवीत नसत. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, असा हा व्यवहार होता. कलकत्त्याला १८५८ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत दोघे उत्तीर्ण झाले आणि त्यांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय होते. मुंबईला १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले. ते म्हणजे रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांनी प्रथम वर्ग मिळविला आणि त्याच वर्षी इतिहास व अर्थशास्त्र या विषयांची ऑनर्स परीक्षाही दिली. पदवी आणि तिच्या वरची परीक्षा एकाच वर्षात, ही त्या काळाची रीत आजच्या एकत्रित अभ्यासक्रमाच्या कल्पनेपासून फार दूर नाही.

पदवीला अमुक इतकीच वर्षे लागली पाहिजेत हा नियम निसर्गाने केलेला नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे बी. ए. झालेल्याला काही वर्षांनी नव्या परीक्षेवाचून एम. ए. ही पदवी मिळण्याची परंपरा आहे. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत एम. ए. हीच पहिली पदवी मानली जाते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदवी व पदव्युत्तर अभ्यासाची सांगड घालून एखादे वर्ष वाचविण्याची सोय असते. म्हणजे वर्षांचा हिशेब हा प्रत्येक समाजाने आपापल्या सोयीने मांडलेला आहे. तो बदलण्यात पाप नाही. बदलताना किंमत कोण देणार, एवढेच पाहावयाचे असते.

वेगाची किंमत

ती किंमत रानड्यांनी डोळ्यांनी दिली. अखंड वाचनाने त्यांची दृष्टी विद्यार्थिदशेतच इतकी बिघडली की काही महिने डोळ्यांवर पट्टी बांधून राहावे लागले आणि मित्रांनी वाचून दाखविलेले ऐकून अभ्यास करावा लागला, असे चरित्रकार सांगतात. दृष्टी पुढे कधीच पूर्ववत् झाली नाही. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदी असतानाही वाचनासाठी त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांचा आधार घ्यावा लागे. ज्या विद्यार्थ्याची बुद्धी, स्मरणशक्ती आणि चिकाटी असामान्य होती त्याचेही शरीर हा वेग सहजासहजी सोसू शकले नाही, हे त्यांच्या पदव्यांची यादी वाचताना विसरता येणार नाही.

रानड्यांच्या अवतीभवती याहून कठोर उदाहरणे होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेले. कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये चौतिशीच्या सुमारास गेले. हायकोर्टात रानड्यांच्या आधी न्यायमूर्ती झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये एकोणचाळिसावे वर्षही पुरे न करता गेले. प्रत्येकाच्या मृत्यूचे कारण निराळे होते आणि तो सर्व दोष परीक्षांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि १८९० च्या दशकात पदवीधरांचे अकाली मृत्यू हा मुंबई इलाख्यात जाहीर चर्चेचा विषय झाला होता, आणि रानड्यांनीही त्या प्रश्नात मन घातले. ज्याने स्वतः ही शर्यत जिंकली होती त्यालाच तिच्यात मागे पडणाऱ्यांची व पडून जाणाऱ्यांची चिंता वाटावी, ही त्यांच्या स्वभावाची खूण होय.

दक्षिणा फंडाचा आधार

रानड्यांना हा वेग परवडला तो कशामुळे, या प्रश्नाकडे चरित्रवाचक बहुधा दुर्लक्ष करतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. शिकत असतानाच ते दक्षिणा फेलो होते. प्रथम कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा ६० रुपये आणि पुढे ज्येष्ठ फेलो म्हणून दरमहा १२० रुपये त्यांना मिळत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात त्या निधीचा काही भाग पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे, काही मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे आणि काही या फेलोशिपांकडे वळविण्यात आला. फेलोने खालच्या वर्गांना शिकवावे आणि आपला अभ्यास पुढे चालवावा, अशी योजना होती. रानड्यांना पोटासाठी शिक्षण सोडावे लागले नाही आणि शिकविण्याच्या निमित्ताने स्वतःचे शिक्षण पक्के करता आले. त्यांच्या बुद्धीचे श्रेय त्यांनाच. तिला मोकळेपणाने धावता आले याचे श्रेय मात्र या सार्वजनिक पैशालाही दिले पाहिजे.

या पैशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिणेचा मूळ हक्कदार एकाच वर्णाचा होता आणि नव्या शिक्षणाचे पहिले लाभार्थीही बहुतांशी त्याच वर्गातून आले. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात, शेतकऱ्याच्या कष्टातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले प्राथमिक शाळेलाही मुकतात, ही तक्रार स्पष्टपणे मांडली होती. रानड्यांच्या वेगाचा गौरव करताना फुल्यांचा हा आक्षेप बाजूला ठेवला तर चित्र अर्धेच राहील.

त्या काळच्या विद्यापीठाच्या वैभवातही खानदेशच्या मातीचा वाटा आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि पश्चिम हिंदुस्थानातील कापसाचे भाव आकाशाला भिडले. खानदेशचा कापूस त्याच लाटेत मुंबईच्या बंदरात उतरत होता. त्या तेजीत गब्बर झालेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले, आणि त्यांतून राजाबाई टॉवर उभा राहिला. रानडे बी. ए. पासून कायद्याच्या पदवीकडे जात होते ती वर्षे नेमकी हीच. खानदेशच्या शेतकऱ्याने पिकविलेल्या कापसावर मुंबईचे विद्यापीठ सजले. त्या शेतकऱ्याच्या मुलाला मात्र आपल्या प्रदेशात महाविद्यालय दिसण्यास आणखी आठ दशके थांबावे लागले. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४० च्या दशकात निघाले आणि खानदेशाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९९० मध्ये.

धुळ्याचे दिवस

पदव्यांनंतर रानड्यांचा नोकरीतील प्रवासही प्रारंभी वेगाचाच होता. १८६६ मध्ये सरकारी भाषांतरकार, त्यानंतर अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश, १८६८ पासून एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी व इतिहासाचे अध्यापक आणि १८७१ मध्ये पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश, अशा पायऱ्या त्यांनी तिशीच्या आत ओलांडल्या. पुण्यात गणेश वासुदेव जोशी यांच्या बरोबरीने त्यांनी सार्वजनिक सभेच्या कार्यास वळण दिले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली, तीमागे रानड्यांची दृष्टी होती. सरकारी नोकराने सरकारलाच आकडे दाखवावेत, हे राज्यकर्त्यांना रुचण्यासारखे नव्हते.

१८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ च्या प्रारंभी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उभे राहिले आणि मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सर रिचर्ड टेंपल यांच्या सरकारला पुण्याच्या सुशिक्षितांचा संशय येत होता आणि त्यांचे अग्रणी म्हणून रानडे ओळखले जात. त्यांना तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले. धुळे हे तेव्हा अखंड खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. पूर्व व पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ ची. आगगाडी धुळ्यापर्यंत पोचली नव्हती. पुण्या-मुंबईच्या चळवळीपासून एखाद्या माणसाला दूर ठेवावयाचे तर धुळे सोयीचे होते.

धुळ्यास आल्यावर त्यांच्या टपालावर पाळत बसली. पत्रे फोडलेली येत. बंडवाल्यांच्या नावाने लिहिलेली बनावट पत्रेही येऊ लागली. ती आल्याबरोबर रानडे पोलिसांकडे पाठवून देत. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग नोंदविला आहे. काही काळाने अधिकाऱ्यांचा संशय फिटला आणि ज्यांनी पाळत ठेवली होती त्यांच्याशीच रानड्यांचा स्नेह जुळला. तीन पदव्यांचा मानकरी, विद्यापीठाचा फेलो, असा हा माणूस सदतिसाव्या-अडतिसाव्या वर्षी आडगावच्या कोर्टात शांतपणे दिवाणी दावे ऐकत बसला होता आणि घरी फोडलेली पत्रे स्वीकारत होता. त्याने राजीनामा दिला नाही, कडवटपणा धरला नाही, काम कमी केले नाही. परीक्षांतील यशाने असा धीर मिळत नाही. तो वाचलेले अंगात मुरण्यास वेळ मिळाल्याने येतो. १८८१ च्या जानेवारीत मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून नेमणूक होईपर्यंत ते धुळ्यात होते.

एक योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. रानडे धुळ्यात असताना, १८८० मध्ये, जळगावजवळ असोदे येथे एका मुलीचा जन्म झाला. तिने शाळेचे तोंड पाहिले नाही, अक्षरे गिरविली नाहीत, आणि तरी तिच्या ओव्यांनी मराठी कविता समृद्ध झाली. आज खानदेशातील पदव्या ज्या विद्यापीठाच्या नावाने दिल्या जातात त्याला २०१८ पासून त्या बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एकाचा धुळ्यातील मुक्काम आणि पदवीशी संबंधच न आलेल्या कवयित्रीचा जन्म एकाच वर्षात यावा, यावरून ज्ञानाच्या वाटा किती असतात ते समजते.

संथ चालीचा दुसरा विद्यार्थी

धुळ्याशी नाते असलेल्या आणखी एका विद्वानाचे विद्यार्थिजीवन रानड्यांच्या अगदी उलट होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १८८२ मध्ये मॅट्रिक झाले आणि बी. ए. होण्यास त्यांना १८९० उजाडले. मध्ये खंड पडले, पैशाची अडचण आली, आणि परीक्षेला नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील इतर पुस्तकांवर त्यांचे मन अधिक जडले. परीक्षांविषयी त्यांना आदर नव्हता आणि त्यांनी तो लपविलाही नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी पुढे प्रसिद्ध केले. १९२६ च्या अखेरीस त्यांचा अंत धुळ्यात झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. रानडे तीन वर्षांत बी. ए. झाले, राजवाडे आठ वर्षांत. महाराष्ट्राच्या ज्ञानव्यवहारात दोघांचे स्थान अढळ आहे. म्हणून वेगवान विद्यार्थी हुशार आणि संथ विद्यार्थी मंद, हे समीकरण निदान धुळ्यात तरी कोणी मांडू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या याच योजनेत पदवीचा काळ वाढवून घेण्याचीही तरतूद आहे. त्वरेच्या तरतुदीची चर्चा जितकी होते तितकी तिची होत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

पदवीनंतरचे शिक्षण

रानड्यांची खरी विद्वत्ता त्यांच्या पदव्यांनंतर आकाराला आली. १८६४ मध्ये एम. ए. झालेल्या या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने हिंदी अर्थशास्त्रावरील आपले प्रसिद्ध व्याख्यान डेक्कन महाविद्यालयात दिले ते १८९२ मध्ये. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. या काळात त्यांनी दुष्काळ पाहिला, कर्जबाजारी कुणब्यांचे दावे ऐकले आणि १८८७ पासून दख्खन कृषक साहाय्य कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून पुणे, सातारा, नगर व सोलापूर जिल्ह्यांतील गावे पालथी घातली. इंग्लंडमधील अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडतात, हे मत त्यांनी त्या व्याख्यानात नाकारले. देशाची स्थिती, संस्था आणि इतिहास पाहूनच धोरण आखावे, असे प्रतिपादन करताना त्यांनी फ्रीडरिश लिस्ट व जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा आधार घेतला. हे विचार परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिता आले नसते. १८९८ मध्ये त्यांचे अर्थशास्त्रीय निबंध ग्रंथरूपाने आले आणि १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथ. पदव्या सात वर्षांत मिळाल्या, ग्रंथांना त्याच्या पाचपट काळ लागला.

त्यांच्या चरित्रात विसंगतीही आहेत. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. त्या काळीही त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. मात्र त्यांनी त्या मुलीला अक्षरओळखीपासून शिकविले. शिक्षणाचा हा क्रम नाशिक-धुळ्याच्या मुक्कामातही चालू राहिला. पत्नीच्या शिक्षणात त्यांनी घाई केली नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सोसत रमाबाई सावकाश शिकल्या आणि पुढे सेवासदनासारखी संस्था चालविण्याइतक्या समर्थ झाल्या.

विद्यापीठाच्या कारभारातही रानड्यांनी शेवटपर्यंत लक्ष घातले. १८६० च्या दशकात मुंबई विद्यापीठाने उच्च परीक्षांतून मराठी आदी देशी भाषा काढून अभिजात भाषांना स्थान दिले होते. विद्यार्थ्याने परक्या भाषेत विचार करावा आणि परक्या भाषेतच तो मांडावा, यात त्याची निम्मी शक्ती खर्च होते हे रानड्यांनी ओळखले होते. देशी भाषांना पुन्हा स्थान मिळावे यासाठी त्यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षे प्रयत्न केला. एम. ए. च्या अभ्यासक्रमात त्या भाषांना वाव देण्यास मान्यता मिळाली ती त्यांच्या मृत्यूच्या सुमारास. १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, त्यांचे निधन झाले.

आजचा हिशेब

आता आजच्या प्रश्नाकडे वळावयाचे. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात. सहा सत्रांत ते विभागले तर प्रत्येक सत्रास २० येतात, पाच सत्रांत विभागले तर २४. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. म्हणजे त्वरेने जाणाऱ्या विद्यार्थ्यावर सत्रागणिक सरासरी ६० तासांचा जादा भार येतो, आणि त्यात घरचे वाचन धरलेले नाही. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर किंवा साक्री तालुक्यातील खेड्यातून रोज एस. टी. ने महाविद्यालयात येणारा, केळीच्या वा कापसाच्या हंगामात घरच्या शेतात राबणारा विद्यार्थी हे ६० तास कोठून आणणार? उलट सहा महिने आधी पदवी हाती आली तर सहा महिने आधी कमावता येईल, ही निकड त्यालाच सर्वांत अधिक आहे. ज्याला वेळ वाचविण्याची गरज मोठी त्याच्याजवळ वाचविण्याजोगा वेळ थोडा, अशी ही अडचण आहे.

आयोगाने ही सवलत मंजूर प्रवेशसंख्येच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवली आहे, आणि पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस महाविद्यालयाच्या समितीने विद्यार्थ्याची पात्रता पाहावी असे सांगितले आहे. ही सावधगिरी योग्य आहे. परंतु समितीने केवळ गुणपत्रक पाहिले तर निवड होईल ती शहरातील, खाजगी शिकवणी परवडणाऱ्या घरांतील मुलांची. रानड्यांचे उदाहरण सांगते की वेग हा विद्यार्थ्याचा एकट्याचा गुण नसतो. त्याच्यामागे शिष्यवृत्ती लागते, चांगले ग्रंथालय लागते, लक्ष घालणारा शिक्षक लागतो आणि शरीराची काळजी घेणारे कोणी लागते. दक्षिणा फंडाने जे एका विद्यार्थ्यासाठी केले ते आज सरकारने व शिक्षणसंस्थांनी खेड्यातल्या मुलामुलींसाठी केले पाहिजे. निवडलेल्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा, संध्याकाळी उघडे राहणारे ग्रंथालय आणि खालच्या वर्गांना शिकविण्याच्या बदल्यात थोडे मानधन एवढी सोय झाली तरी खानदेशातील कितीतरी मुले हा मार्ग निर्धास्तपणे चालू शकतील. तशी सोय होणार नसेल, तर प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला या वाटेने जाण्याचा आग्रह करू नये. त्याने सहावे सत्र घेतले, एखाद्याने सातवे घेतले, म्हणून त्याला कमी लेखू नये.

परदेशातील पद्धत चांगली म्हणून ती येथे जशीच्या तशी लागू करावी, हा युक्तिवाद रानड्यांना मान्य झाला नसता. त्यांचे सारे अर्थशास्त्र त्याच्या विरुद्ध होते. धोरण कागदावर कितीही निर्दोष असले तरी जेथे ते राबवावयाचे तेथील माणसांची स्थिती आधी तपासली पाहिजे, हा धडा त्यांनी एम. ए. झाल्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत शिकून घेतला आणि इतरांना दिला. येत्या वर्षांत जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत त्वरित पदवीचे अर्ज भरले जातील तेव्हा ते छाननाऱ्या समित्यांनी हा धडा समोर ठेवावा. अर्जावरील गुण पाहण्यापूर्वी विद्यार्थी कोठून येतो, घरी काय काम करतो आणि दिवसाकाठी वाचनासाठी त्याला किती तास उरतात, एवढे तीन प्रश्न त्याला विचारले जावेत.